इथे थांबून पाणी प्यावे

मी फळा बोलतोय. नगरला चर्चसाठी पाळक घडवणारी एक शाळा आहे, तिच्या एकुलत्या एक वर्गातला. चाळीस वर्षांत बाकीचे विषय कुठल्या कुठे गेले म्हणतात. आमचं ईश्वरविज्ञान शहाणं, जागचं हललं नाही.

योहान सर त्यांच्या गुरुजींच्या वहीतून शिकवायचे. 'देव दयाळू, तर दुःख का?' याला उत्तराचे तीन मुद्दे. दुसऱ्या मुद्द्यानंतर गुरुजींनी स्वतःपुरतं लिहून ठेवलं होतं, 'इथे थांबून पाणी प्यावे.' सर तेही सांगायचे. मुलं तेही इमानेइतबारे उतरवून घ्यायची आणि माठाकडे जायची. पुढे पाळक झाल्यावर मयतीच्या उपदेशातही म्हणे दोन मुद्द्यांनंतर तांब्या मागायची. याला परंपरा म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात वर्गातल्या, पाथर्डीकडच्या गिदोनची धाकटी बहीण दीना हगवणीनं गेली. आई मरिया खडी फोडायच्या कामावर होती. माती देऊन आलेला गिदोन वर्गात उभा राहिला.

"सर, आई इचारती, माझ्या लेकराचं काय चुकलं हुतं? तिला सांगण्याजोगं काय न्हाई मिळालं, तर मी शाळा सोडतो."

सरांनी वही उघडली. पहिला मुद्दा माझ्यावर लिहिला, दुसरा लिहिला. वर्गानं सवयीनं माठाकडे पाहिलं. माठ चार दिवस कोरडा होता. सर खडू धरून तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी दोन्ही मुद्दे पंजानं पुसले आणि लिहिलं, 'माहीत नाही.'

"आईला हेच सांग," ते म्हणाले. "आणि तिच्यापाशी बस."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमचा विषय पहिल्यांदाच एक पाऊल पुढे गेला होता. गिदोन महिनाभर आईजवळ राहिला आणि परत आला.

योहान सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी शेवटचं वर्ष नुकतंच संपवलेला शमुवेल आला, वर्गातला सगळ्यात नीट टिपणं काढणारा. आता तो सांगतो, "लिहा. दोन्ही मुद्दे पंजाने पुसावेत. बराच वेळ गप्प उभे राहावे. मग 'माहीत नाही' असे लिहावे." मुलं लिहितात. परवा सहामाहीचा प्रश्न माझ्यावर होता: 'माहीत नाही, यावर सविस्तर टीप लिहा. गुण दहा.'

गिदोन शेवटच्या बाकावर असतो. 'माहीत नाही' उतरवून घ्यायची वेळ आली, की तेवढ्यापुरता तो पेन खाली ठेवतो.

यंदा पाऊस चांगला झालाय. माठ रोज काठोकाठ भरलेला असतो. माझं ऐकणारं कुणी असेल, तर एवढंच करा. एखाद्या दिवशी तो भरायला विसरा.