बिनपथ्याची गोळी

पुण्यात शिवानंदच्या छातीत हृदयाऐवजी सतत रक्त ढकलणारा पंप बसवला, तेव्हापासून महादेवीचा कशावरच विश्वास राहिला नव्हता. नवऱ्याची नाडी लागत नव्हती, छातीला कान लावला तर नुसती घरघर, आणि तरी हा माणूस खांद्याला बॅटऱ्या अडकवून कळंबच्या अडतीवर ज्वारीचा भाव करत बसायचा. अशा माणसाच्या बायकोनं संशय घेऊ नये तर काय करावं?

पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी होती. तिच्यापायी सारखं रक्त तपासायचं, गोळीचा जोर उतरवते म्हणून पालेभाजी बेतानं खायची. ती गोळी महादेवीला पटली होती. मग डॉक्टरांनी अभ्यास काढला. काही रुग्णांना जुनीच गोळी, काहींना नवी. शिवानंदनं सही केली आणि त्याच्या वाट्याला नवी आली. तिला पालेभाजीचं पथ्यच नव्हतं.

"पथ्य न्हाय ते कसलं औषध? उंदरावानी औषध बघायलेत तुमच्यावर."

"मला सांगूनच बघायलेत," शिवानंद म्हणाला.

येळवशीच्या अमावस्येला, शेताच्या पूजेला, सारं घर शेतात जेवायला गेलं. शेंगदाणे, तुरीचे दाणे, मेथी, हरभऱ्याचा पाला, सगळं एकत्र शिजवलेल्या भज्जीवर शिवानंदनं आडवा हात मारला. महादेवी त्याच्या ताटातला पाला बघत राहिली. त्या संध्याकाळपासून घरात उरलेली जुनी गोळी ती कुटून त्याच्या ताकात घालू लागली. नवी खोटी निघाली तर जुनी तरी राखेल.

आठवड्याभरात शिवानंदच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. "बघा नव्या गोळीचे गुण," सोलापूरला नेताना गाडीत महादेवी म्हणत राहिली. येडशी मागं पडल्यावर मात्र तिनं पिशवीतली जुन्या गोळीची पट्टी चाचपली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "ही नवी गोळी सोडून दुसरं काही चालू आहे?"

"काय बी न्हाय," शिवानंद टॉवेलाआडून म्हणाला. त्याला तेच खरं वाटत होतं, आणि डॉक्टर त्यावरच औषध ठरवणार होते.

महादेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवीतून अर्धी संपलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही बी देत व्हते. ताकातून."

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. डॉक्टर बोलायचं ते बोलले. महादेवीनं पाणी आणून दिलं, तेव्हा शिवानंदनं पेला खिडकीच्या उजेडात धरून तळ पाहिला.

"पानीच हाय," महादेवी म्हणाली.

त्यानं पेला तिच्या हातात परत दिला. "मग आधी एक घोट तू घे."