जड कुठला, हलका कुठला

“विश्वास बसायचा नाही तुमचा, आधीच सांगून ठेवतो,” मामांनी डबा बंद करत म्हटलं, तशी वर्कशॉपातली नवी मंडळी स्टुलं ओढत जवळ सरकली.

मामा प्रयोगशाळेचे मेकॅनिक. हात सोन्याचा, जीभ त्याहून चकचकीत. त्यांची सख्खी भाची तिथेच संशोधन करायची. तीन वर्षं खपून तिने एका नव्या मिश्रधातूचे दोन तुकडे सिद्ध केले होते. एकाच्या पोटात साधा हायड्रोजन, दुसऱ्याच्या पोटात त्याचाच दुप्पट वजनाचा भाऊ, जड हायड्रोजन. धातूच्या आत कोण किती चपळ, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी तुकड्यात अल्ट्रासाउंड सोडायचा. पडद्यावर प्रतिध्वनींची रांग उभी राहते. मग थंडी वाढवत न्यायची. अणूंच्या उड्यांचा ताल आवाजाच्या तालाशी जुळला की अणू आवाज गिळतात आणि रांग कोसळते. जड भाऊ मुळातच मंद, तो थोड्या थंडीतच तालावर येतो. हलक्याला सुस्तावायला कडाका लागतो.

मोजणीच्या दिवशीच हे सगळं करणारं यंत्र चार वाजता दुसऱ्या गटाकडे जाणार होतं, तेही वर्षभरासाठी. आणि नेमकं त्याच सकाळी मामांनी मायेपोटी दोन्ही तुकडे स्पिरिटने असे लखलखीत पुसले, की पेनाच्या खुणाच गायब!

“मामा, हे काय केलंस! आता जड कुठला नि हलका कुठला?”

“त्यात काय, वजन करू!”

“तुकडे तरी सारखे कापलेस का तू?”

पोरीची तीन वर्षं त्यांच्या एका फडक्याने पुसली होती!

पहिला तुकडा यंत्रात गेला. उणे वीस. उणे चाळीस. रांग ताठच्या ताठ. उणे साठ...

“पडली! मामा, पडली रे!” भाची खुर्चीवरून उडालीच.

पण उणे साठ हा आकडा जडाचा की हलक्याचा? धातू नवा, सांगणार कोण? दुसरा तुकडा गार करून ताडून बघायलाच हवा. घड्याळात पावणेचार, आणि दुसऱ्या गटाचा दाढीवाला जिना चढत होता!

“मग हो?” एका नव्या मुलीने स्टूल आणखी पुढे ओढलं.

मग काय! मामांनी दुसरा तुकडा बसवला, थंडी सोडली आणि यंत्राच्या नळीला थेट कान लावला. आत नुसती धावपळ! टुणटुण, टुणटुण, एकही अणू दमलेला नाही. “हलका तो हाच!” मामा गरजले. घड्याळात चारला अजून पाच मिनिटं...

“खोटं! साफ खोटं!” पाना न्यायला आलेली भाची लेथमागून ओरडली. “अरे, तो आवाज वटवाघळालासुद्धा ऐकू येत नाही! उणे नव्वदला दुसरी रांग पडली, तेव्हा साडेचार वाजले होते. आणि तू यंत्राजवळ होतास कुठे? तू जिन्यात त्या दाढीवाल्याचे पाय धरून बसला होतास, पोरीला अर्धा तास द्या म्हणून!”