रिकाम्या कपाटातला आवाज

कल्पना माझी होती. आधीच सांगून ठेवते, कारण नंतर कुणी ऐकून घेत नाही.

माझा नवरा सुधन्वा सोमवार ते शुक्रवार मिनिस्ट्रीत फायली सरकवतो आणि सुट्टीच्या दिवशी जादूचे प्रयोग करतो. हातात सफाई आहे, पण डोकं चालेल तर शपथ! रुमालातून कबुतर, टोपीतून फुलं, वर्षानुवर्षं तेच. यंदा दिल्लीतल्या जादूगारांच्या संघटनेने स्पर्धा ठेवली. अट एकच, प्रयोग अगदी नवा हवा. झालं, साहेब माझ्या मानगुटीवर बसले. "अलका, काहीतरी सुचव ना यार!"

मला सुचलं ते गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये, कणीक मळताना. सुधन्वा बाथरूममध्ये असो की बाल्कनीत, त्याचे हुकूम सुटतच असतात. अलका, चहा! अलका, टॉवेल! म्हटलं, अगं बाई, हाच की प्रयोग! जादूगाराला कपाटात बंद करायचं. दार उघडलं की कपाट रिकामं, पण हुकूम चालूच. माणसाचा पत्ता नाही आणि चहा मागतोय! मी एकटीच पोट धरधरून हसले. कपाट कसं करायचं, आवाज कुठून काढायचा, सगळं मीच बसवलं. कसं ते विचारू नका, आमच्यात ते सांगत नाहीत.

सुधन्वा खूश झाला. मग म्हणाला, "पण मीच गायब झालो तर लोक बघणार कुणाला? तू जा कपाटात." आणि रिकाम्या कपाटातून मी म्हणायचं, "अहो, चहा ठेवू का?" माझ्या प्रयोगाची पार वाट लावली मेल्याने. तरी गेले मी कपाटात. फक्त बजावलं, बक्षीस मिळालं तर कल्पना माझी, म्हणजे अलकनंदाची आहे, असं पूर्ण नाव घेऊन स्टेजवर सांगायचं.

"बिल्कुल!" तो म्हणाला.

बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माइकवर विचारलं, "ऐसा आइडिया आया कहाँ से?"

सुधन्वाने केसांतून हात फिरवला. "बस, एक दिन नहाते-नहाते सूझ गया।"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ माइक ओढून घेतला. "झूठ बोल रहे हैं। आइडिया मेरा है!"

सगळा हॉल खो खो हसत सुटला. "वाह भाभीजी! क्या जोड़ी है!" परीक्षक म्हणाले. सुधन्वाही हसला. माझंच खरं हे सिद्ध करायचं तर कपाटाचं गुपित तिथेच उघडं करावं लागलं असतं, आणि मग तो प्रयोग कायमचा संपला असता. माझ्याच्याने ते होईना. मी माइक परत दिला.

वाटलं, गाडीत तरी याला लाज वाटेल. कसली लाज! "काय टायमिंग साधलंस, अलका! चहाचं कॅन्सल. आता कपाटातून हेच म्हणायचं."

"मी खरं बोलत होते, सुधन्वा."

"हाच टोन! अगदी असाच ठेव."

गेल्या रविवारी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. सुधन्वाने दार उघडलं, कपाट रिकामं दाखवलं आणि कानाला हात लावून उभा राहिला. मी जीव तोडून ओरडले, "आइडिया मेरा है!"

वन्स मोअर आला.