तुलनेसाठी गुरुजी

फटाकडीने कापसाचा बोळा तिसऱ्यांदा थुंकून टाकला, तो नेमका मामाच्या बुटावर.

"बघा," मामा बूट झटकत म्हणाला. "आणि ही पोरगी मला विचारते, हिला विकायची कशाला."

भाचीने नवा बोळा लांब चिमट्यात अडकवला. शाळा सुटली की ती दप्तरासकट मामाच्या घोडेस्वारीच्या शाळेत येई. तिथल्या सात जनावरांपैकी नववीतल्या या पोरीचा जीव जडला होता तो याच घोडीवर. खोगिराचा पट्टा आवळला की फटाकडी चावे, मागून कोणी गेलं की लाथ उगारे. महिनाअखेर तिला बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

"पोट दुखत असेल तिचं," भाची म्हणाली. "पोट दुखलं की तूही चावतोसच, मामा."

घोडीला धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराने हसू लपवायला तोंड तिच्या मानेमागे नेलं.

नाकातून दुर्बीण घालून पोट बघायचं, तर घोड्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावं लागतं. शिवाय फटाकडीच्या नाकात नळी घालणार कोण? म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ही नवी तपासणी आणली होती. पोटात व्रण असले की लाळेतले काही घटक बदलतात. तासभर खाणं बंद ठेवायचं, बोळा लाळेने भिजवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा.

चौथा बोळा भिजला. डॉक्टरीणबाईंनी तो नळीत टाकून वर चिठ्ठी चिकटवली.

"आता एखाद्या धडधाकट घोड्याची लाळ द्या. तुलनेसाठी."

"मग गुरुजींचीच घ्या," मामा म्हणाला.

गुरुजी म्हणजे शाळेतला सगळ्यांत गुणी घोडा. चिमुरड्यांचा पहिला धडा त्यांच्याच पाठीवर होई. शेपटी ओढा, कानात ओरडा, गुरुजी आपले मान खाली घालून उभे. बोळाही त्यांनी गोळी चघळावी तसा निमूट चघळला.

"याला म्हणतात संस्कार," मामा फटाकडीला ऐकू जाईल असं म्हणाला.

पुढचे पाच दिवस भाचीची मोठी पंचाईत झाली. व्रण निघाला तर औषध मिळणार, दुखणं थांबणार, फटाकडी निवळणार आणि इथेच राहणार. नाही निघाला तर ती नुसतीच खाष्ट ठरणार. पण जिच्यावर जीव, तिच्याच पोटात व्रण निघू दे, असं कोणी मागतं का? तिने इतिहासाच्या वहीत मागच्या पानावर 'निघू दे' लिहिलं आणि लाज वाटून गिरगटून टाकलं.

शनिवारी डॉक्टरीणबाई अहवाल घेऊन आल्या.

"फटाकडीचं पोट अगदी ठणठणीत आहे."

भाचीने भरलेली बादली उचलली आणि उगाच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"गुरुजींचं मात्र ठीक दिसत नाही."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," मामा म्हणाला.

"चिठ्ठ्या तुमच्यासमोर लावल्यात मी."

खात्री करायला दुसऱ्या दिवशी गुरुजींना दुर्बीण घातली. ते अर्थातच हलले नाहीत. पडद्यावर गुलाबी भिंत दिसली आणि तिच्यावर लालभडक चट्टे, चांगले चार.

"इतकं असून हा कधी काहीच कसा बोलला नाही?" मामाने विचारलं.

"त्यांना विचारलं कोणी?" मोतद्दार म्हणाला.

मामा बराच वेळ गुरुजींच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

गुरुजींना शिकवणीतून रजा मिळाली. दाणा कमी झाला, गवत दिवसभर समोर. रोज सकाळी भाची शाळेआधी येऊन त्यांच्या तोंडात औषध घालू लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते औषध तिच्या गणवेशावर उडवलं. ती घाईत होती, तिने फारसं मनावर घेतलं नाही.

महिनाअखेर गिऱ्हाईक आलं. फटाकडीचे पाय, दात सगळं बघून झालं. भाची दाराशी पाठमोरी उभी राहून लगाम पुसत होती. तो केव्हाच पुसून झाला होता.

"चावते, आधीच सांगतो," मामा गुरुजींच्या दाराला टेकून म्हणाला. "बाकी..."

पुढचं राहूनच गेलं. मागून गुरुजींची मान आली. त्यांनी मामाचा खांदा शर्टासकट दातांत धरला, एक हिसका दिला आणि सोडला. मग कान ताठ करून, काय म्हणताय, अशा थाटात ते बघत राहिले.

"गुरुजी चावले," मोतद्दार म्हणाला. घरातलं तान्हं पहिला शब्द बोलल्यावर शेजारी सांगावं, तसा त्याचा सूर होता.

मामा खांदा चोळत वळला. त्याने गुरुजींकडे बघितलं, मग पलीकडे शांतपणे गवत खाणाऱ्या फटाकडीकडे.

"हाही विकायचाय का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही. आता कोणीच नाही. तुम्हाला हेलपाटा पडला, चहा घेऊन जा."

भाचीच्या हातून लगाम खाली पडला.

"पोरी, तो उचल आधी," मामा म्हणाला. "आणि डॉक्टरीणबाईंना फोन लाव. बाकीच्या पाचांचीही लाळ घ्यायचीय म्हणावं. जे जास्त शहाणे आहेत, त्यांची आधी."