तड्यापलीकडचा शेजारी

“कोणी खरं मानणार नाही, अरुणाताई, पण या सुमितनं भंगारात निघालेला बॉयलर नुसत्या ठिपक्यांनी वाचवला!”

वाफवलेल्या डाळीच्या सुरती लोचोची बशी चाटूनपुसून संपवून योगराजमामांनी आईपुढे हा पहिला बार उडवला, आणि अमृताच्या मनात पाल चुकचुकली. मामांनी आजवर आणलेल्या स्थळांत कारकून कधी कारकून नव्हता, साहेबच. आता सुरतेत, पर्वत पाटियाच्या तिच्या घरच्या फ्लॅटात सुमित समोर बसलेला, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधला इंजिनीयर, मान खाली. तिला आई-बाबांना आजच होकार-नकार सांगायचा होता. मुलगा दिसायला बरा होता, हीच पंचाईत.

“अठ्ठ्याण्णव साल आहे, मिलमध्ये कंप्युटर आलाय,” मामा सांगू लागले. “बॉयलरच्या पत्र्याला गेलेला तडा. कंप्युटरवर पत्र्याची जाळी विणायची, आपल्या लूमवर ताणा-बाणा तशी, मग हिशेब. पण तडा सरकला की जाळी उसवली! पुन्हा विणा. साहेब लोक रडकुंडीला. यानं जाळी दिली तापीत सोडून! रांगोळीचे ठिपके टाकले, रेघ एक नाही. प्रत्येक ठिपका भोवतालच्या शेजाऱ्यांना विचारणार, ‘तू किती हललास रे?’ त्यावरून आपला ताण सांगणार.”

अमृता चमकली. कॉलेजात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच बिनजाळीच्या गणितावर होता. मामा चक्क खरं बोलत होते! मग तर संशय आणखी बळावला. हे त्यांना सुमितनंच सांगितलं असणार. पण त्याला तरी कळलंय, की कुठून ऐकून आलाय?

“आणि तड्याजवळचे ठिपके तर काय बेरकी!” मामांना चेव चढला. “तड्याच्या अल्याडचा पल्याडच्याला हाक मारून विचारी. पल्याडचा म्हणे, ‘मी तर जागचा हललो नाही!’ म्हणून उत्तर आलं, धोका नाही, बॉयलर पेटवा. काय, सुमितराव?”

सुमितनं ऐटीत मान डोलावली.

अमृतानं चहाचा ट्रे खाली ठेवला.

“मामा, तडा म्हणजे मधली भिंत. पल्याडचा ठिपका अल्याडच्याला दिसूच द्यायचा नसतो. त्याला शेजारी धरलं, की तडा आहे हेच गणिताला कळत नाही. धडधडीत फुटका पत्रा अखंड ठरतो.”

“अगं बाई, सांगताना थोडं तिखट-मीठ...”

“तुम्ही थापा मारणारच, मामा. तुमच्यावर राग नाही.” ती सुमितकडे वळली. “पण हे गणित तुमचं ना? मग मान तुम्ही का डोलावलीत?”