पाठमोरी आनंदी

कृष्णनाथ फोटोग्राफरने आपले तीस वर्षांपूर्वीचे फोटो बेटावरच्या देवळाच्या मंडपात मांडले आणि अख्खं बेट तिथे लोटलं. बेट म्हणजे काय, तर डिचोलीकडच्या एका तळ्यातली बारा घरं. पण कलकलाट बाराशे घरांचा!

सत्यवती तेवढी एकेका फोटोतले चेहरे निरखत होती. ती आठ वर्षांची असताना तिची आई आनंदी वारली. घरात आईचा एक फोटो नाही, आणि अलीकडे आईचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. आज इथे नाही सापडला तर मग कुठेच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोवा मुक्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी हा कृष्णनाथ कॅमेरा घेऊन बेटावर यायचा. फोटो म्हणजे लग्नातला, पावडर फासून खुर्चीत बसून काढलेला, असं लोकांचं मत. ह्या बाबाला हवी चिखलातली माणसं! सायकलीसकट होडीतून उतरणारा पाववाला पदेर, तळ्यात म्हैस धुणारा विठ्ठल, भातलावणीच्या बायका. लोक एकेकाला ओळखून खिदळत होते.

म्हाताऱ्या बायकांनी बोट दाखवलं आणि सत्यवतीला आई सापडली. एकदा नव्हे, चारदा. आणि चारही वेळा पाठमोरी. अंगाला चिखल असताना कोण मेला फोटो काढतो, म्हणून आनंदी कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. सत्यवतीला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

तिने कृष्णनाथाला गाठून विचारलं. आनंदीचं नाव ऐकताच म्हाताऱ्याने कान पकडले. आणखी एक आहे, पण फसलेला, म्हणून मांडला नाही, असं पुटपुटत त्याने पिशवीतून पाकीट काढलं.

फोटो तिरका, कडेला पुसट. मधोमध आनंदी! कासोटा घातलेली, डोळे वटारलेले, वल्हं उगारून थेट कॅमेऱ्यावर धावून येणारी. पुढच्याच क्षणी कृष्णनाथ तळ्यात पडला होता, कॅमेरा तेवढा वर धरून.

सत्यवती चटकन दोन पावलं मागे सरली. लहानपणी आई ओरडली की सरायची, तशीच. मग ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हीच, हीच तिची आई.

कृष्णनाथ ओशाळून म्हणाला की पाठमोऱ्यातलाच एखादा मोठा करून देतो, भिंतीवर हार घालायला बरा दिसेल.

"हाच द्या, कृष्णनाथबाब," ती म्हणाली. "हार नको. मला ओरडणारं घरात कोणी उरलं नाही."