सॅटेलाइट महाराजांची शाल

रविवारी सकाळी सायकल क्लबच्या हंबीररावांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात सायकलवाल्यांच्या बुटांची रास, आत उदबत्त्यांचा धूर, आणि मधोमध पाटावर सॅटेलाइट महाराज. त्यांच्या भगव्या शालीखाली विजयसिंहाचं सायकलवरचं यंत्र ठेवलं होतं. रस्ता, वेग, अंतर टिपणारं काडेपेटीएवढं यंत्र. आदल्या दिवशी ते बंद पडलं आणि त्यातली गडहिंग्लजची अख्खी राईड गडप झाली.

"आकाशात नक्षत्रं, तशीच सॅटेलाइटं!" महाराज गरजले. "अश्विनी प्रसन्न व्हा, भरणी प्रसन्न व्हा! ओम् ऱ्हीं सिग्नलाय नमः! डोळं मिटा सगळ्यांनी!"

दोन आरत्या झाल्या. महाराजांनी शाल उचलली. यंत्र चालू, राईड जशीच्या तशी.

"आयला, आली की!" म्हणत विजयसिंह महाराजांच्या पायावर आडवा झाला.

मी वर्षाच्या प्राचीला घेऊन उंबऱ्याजवळ बसले होते. धुरानं तिची छाती सूं-सूं वाजायला लागली होती. तिच्या श्वासाच्या पंपाची पिशवी सासूबाईंच्या हातात होती.

पुढचा नंबर माझ्या नवऱ्याचा. सम्मेदचं यंत्र पन्हाळ्याच्या राईडला दोनदा मेलं होतं. आधी कोडोलीच्या पुढं, मग परत येताना. शालीतून तेही जिवंत होऊन बाहेर आलं. हंबीररावांनी नकाशा टीव्हीवर लावला. कोडोलीपासून थेट पन्हाळ्यापर्यंत एक सरळ रेघ. शेतं, ओढे, डोंगर, कशाचा म्हणून मुलाहिजा नाही.

"ह्यो रस्ता हाय व्हय रं?" महाराज डोळे वटारून म्हणाले. "इथं तू सायकल चालवली न्हाईस, बाळा. तुला उचलून न्हेलंय!"

"कुणी?" सम्मेदचा आवाज चिरकला. हा इंजिनियर.

"नाव घेत न्हाय मी. टायरला चिकटून घरात आलंय ते. लेकरू धापतंय न्हवं?"

ती दारात धापतेय हे बहिऱ्यालाही कळलं असतं. पण सासूबाईंनी हात जोडले. "व्हय महाराज! पंप द्यावा लागतोय."

"त्या पंपातच बसलंय ते. आजच्या आज पंचगंगेत सोडा. औषध बंद, अंगारा चालू!"

मी सासूबाईंच्या हातातून पिशवी ओढली आणि सगळ्यांसमोर प्राचीच्या तोंडाला मास्क लावून पंप दिला. थोड्या वेळानं सूं-सूं कमी झाली.

"अपूर्वा, चार दिस बंद ठिवून बघायला काय हुतंय?" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"मम्मी, श्वास बंद पडतो. एवढंच होतं."

पण माझा आवेश रविवारपुरताच होता. सोमवारी मी कामावर जाणार. दिवसभर पोर सासूबाईंकडे, पंपही त्यांच्याच हातात. त्यांना पटलं नाही तर माझं शिक्षण चुलीत.

तेवढ्यात बरं वाटायला लागलेली प्राची मांडीवरून उतरली आणि पाटाच्या दिशेनं सुसाट रांगली. रांगत्या पोरीच्या आईला जमिनीवरची वायर आधी दिसते, देव नंतर. पाटाच्या कडेनं एक काळी वायर निघून पडद्यामागं गेली होती. मी पोर उचलली आणि गप्प बसले. तेव्हाच ओरडले असते तर 'देवालाबी करंट लागतो' म्हणून महाराज मोकळे झाले असते.

"महाराज," मी हात जोडले, "तुम्हाला तर कुणी उचलून नेणार नाही ना?"

"मला? हात लावायची कुणाची बिशाद!"

"मग घराला एक वळसा घालू या. सम्मेदचं यंत्र मी धरते, तुम्ही मंत्र म्हणा."

पडवी ओरडली, "चला की महाराज!" आता नाही कसं म्हणणार? पोर सम्मेदकडे दिली. पुढच्या फाटकातून निघालो, गल्लीतून फिरून परसदारी आलो. नकाशा टीव्हीवर लागला. फाटकापासून परसदारापर्यंत सरळ रेघ, हंबीररावांच्या घरातून आरपार.

त्यांच्या आक्का पुढं झाल्या. नकाशावरच्या फोटोत छपरावरची काळी टाकी ओळखून किंचाळल्या, "अवो, ही माझी न्हाणी! महाराज न्हाणीतनं गेलं? मी आंघुळीला हुते की तवा!"

"पावणं!" हंबीररावांनी बाह्या सरसावल्या.

"मी न्हाय, मी न्हाय! मी गल्लीतनं गेलतो! ह्यास्नी इचारा!"

"खरं आहे," मी म्हणाले. "फाटकापाशी मी यंत्र बंद केलं, परसदारी चालू केलं. मधलं त्यानं पाहिलंच नाही, म्हणून दोन टोकं रेघेनं जोडली. सम्मेद, कोडोलीपुढं यंत्र मेलं, ते चालू कुठं केलंस?"

"पन्हाळ्यावर," तो पुटपुटला. "पॉवरबँक लावून."

मी शाल उचलली. खाली चार्जर. बॅटरी संपली म्हणून यंत्रं झोपली होती. राईड आत तशीच होती, वीज मिळाल्यावर दिसली. आरत्या फक्त वेळ काढायला. महाराज परसदारानं पळाले, पायात फेरीला चढवलेले विजयसिंहाचे बूट.

घरी आलो. दारातच सासूबाई म्हणाल्या, "त्यो मास्क नाकावर कसा धरायचा, दाव बघू. उद्या तू घरात न्हाईस."

दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः धरला, नीट.

यंत्रातलं सगळ्यांना कळावं असं माझं म्हणणं नाही. मलाही कळत नाही. पण नकाशावरची रेघ बघून कुणी लेकराचं औषध बंद करायला सांगितलं, तर आधी तीच गोष्ट त्याला पुन्हा करून दाखवायला लावा. आणि डोळे मिटा म्हणाला, तर उघडेच ठेवा.